गुळाच्या गोदामातला फॉरवर्ड

"ताटं संपली रं, तू ह्यात घे," असं म्हणून आबांच्या भाच्यानं माझ्या हातात कागदाची प्लेट दिली.

आदल्या दिवशी फायनल जिंकलेली. दोन्ही गोल माझे. स्टेडियमपास्नं पेठेपर्यंत मला खांद्यावर घेऊन आणलंतं, पोरं अंगावर पडत हुती, कानातला गुलाल तिसऱ्या दिवसापर्यंत निघत हुता. आणि आता दुसऱ्या दिवशी दुपारी संघ चालवणाऱ्या आबांच्या बंगल्याच्या गच्चीवर सगळ्यांना जेवण. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण. सतरंज्या टाकलेल्या. सगळ्यांच्या म्होरं स्टीलची ताटं आणि वाट्या.

माझ्या हातात कागद.

भाच्याच्या मागं पाण्याच्या पिंपाजवळ धुतलेली ताटं पालथी घातलेली दिसत हुती. चांगली थप्पी हुती. माझी नजर तिकडं गेली, त्येची नजर माझ्याकडं आली, आणि त्यो लगेच भाकरीच्या बुट्टीत वाकला. फॉरवर्डला एक सवय असती. गोलकीपर कुठल्या पायावर उभा हाय, ह्ये मान न वळवता बघायची. तसं मी बघितलं. आणि बघितलं न बघितलं केलं.

मी जेवलो. ह्येच मला आजबी डाचतंय. प्लेट फेकली न्हाय, उठलो न्हाय. बसून जेवलो. कागद रश्श्यानं भिजला, खालनं गळाय लागला, प्यांटीवर सांडलं. कॅप्टन हसला, म्हणाला, "दोन गोल मारणाऱ्याला रस्सा सांभाळंना की!" सगळी हसली. मीबी हसलो. मोठ्यानं हसलो.

संशय ह्यो असा प्रकार हाय की पुरावा दाव म्हटलं तर खिशात काय घावत न्हाय. आणि ज्याच्यावर घ्यायचा त्यो माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. आबा वाईट न्हवते. माझा गुडघा गेला तवा स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात नेलंतं त्यांनी, डॉक्टरवर ओरडलेते, "ह्यो माझा वाघ हाय, नीट बघा." अशा माणसाच्या घरात ताट मिळालं न्हाय म्हणून काय बोलायचं? बोललो तर मीच हलका ठरणार. म्हणून गप बसायचं, आणि आतल्या आत सगळं बघत ऱ्हायचं. पेठेतनं खेळलो ती चार-पाच वर्षं मी तेच केलं. मैदानावर बॉल बघितला, मैदानाबाहेर माणसं बघितली.

आमचं घर कबनूरला, दलित वस्तीत. आण्णा, म्हंजे माझे वडील, दुसऱ्याच्या शेडात लूम चालवायचे. आई लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. लूमच्या आवाजात जल्म गेल्यामुळं आमच्या घरात कुणी हळू बोलतच न्हाय. शाळेच्या मैदानावर मी अनवाणी खेळायचो, पुढं गावोगावच्या स्पर्धेला जायला लागलो. सात-सातच्या टीमा, दगडांचं मैदान, बाजूला उसाचा फड. गारगोटीच्या अशाच एका स्पर्धेत आबांनी मला बघितलं. आबा म्हंजे पेठेतलं मोठं प्रस्थ. गुळाची अडत, दोन गोदामं, आणि ज्या तालमीचा फुटबॉल संघ, तिचे अध्यक्ष. मॅच संपल्यावर आले, पाठीत धपाटा घातला, म्हणाले, "कुठला रं तू? नादखुळा खेळतोस! चल, तुला स्टेडियमवर खेळवतो."

कोल्हापुरात स्टेडियमवर खेळणं काय असतं ह्ये बाहेरच्याला सांगून कळायचं न्हाय. पेठेच्या संघातनं खेळला की चहावाला पैसे घेत न्हाय, रिक्षावाला नावानं हाक मारतो. मी घरी येऊन उड्या मारत सांगितलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यास्नी आपलं आडनाव सांगितलंस का?"

माझं डोस्कंच फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या डोक्यात ह्ये सोडून दुसरं काय हाय का न्हाय?" आण्णांनी पायात चपला घातल्या. कामावर निघून गेले. मी त्या दिवशी आण्णांचा राग राग केला. माझ्या बापाला माझं कौतुक न्हाय, त्येचा संशयच जुना हाय, असं मला वाटलं.

आता नोंदणीचं सांगतो, कारण सगळं तिथनंच फुटलं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूनं फुटबॉल संघटनेच्या हापिसात जाऊन सही करायची असती. सही झाली की तू त्या तालमीचा, वर्षभर हलायचं न्हाय. पर सही होईपर्यंत तू कुणाचाच नसतोस. मग दुसऱ्या पेठेची माणसं येऊन उचलत्यात. घरनं, कॉलेजातनं, कटिंगच्या दुकानातनं बी उचललेलं मी बघितलंय. म्हणून काय करत्यात, चांगला खेळाडू आठ-दहा दिवस आधीच लपवून ठेवत्यात. मोबाईल काढून घेत्यात, कुणाच्या तरी घरी ठेवत्यात, खायला-प्यायला चंगळ करत्यात, आणि सहीच्या दिवशी हलगी लावून, हार घालून थेट हापिसात. लपवून ठेवलं म्हंजे तुझी किंमत हाय. पोरं छाती काढून सांगत्यात, मला अमक्याच्या फार्महाऊसवर ठेवलंतं, तमक्याच्या फ्लॅटवर एसीत ठेवलंतं.

मला गुळाच्या गोदामात ठेवायचे.

मागच्या बाजूला एक खोली काढलेली. कॉट, टेबलफॅन, बाहेर नळ. खोलीच्या दारापास्नं शटरपर्यंत गुळाच्या रव्यांच्या, म्हंजे ढेपांच्या, थप्प्या. मुंगळे कॉटवर चढायचे म्हणून मी चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचो. पहिल्या वर्षी आबा म्हणालेते, "वाघा, तू हुकमाचं पान हायस. हितं तुला कोण हुडकायला येणार न्हाय." मला ते खरं वाटलं. अभिमान वाटला हो! च्या मायला, गुळात झोपून अभिमान.

डबा बंगल्यातनं यायचा. चांगला भरलेला, दोन भाज्या, कधी अंडी, कधी मटण. आबांकडं कामाला एक म्हातारे मामा हुते, ते आणायचे. पहिल्या दिवशीच म्हणाले, "डबा घासून ठेवत जा बाबा." मी घासून ठेवायचो. चकाचक. आईनं राखेनं भांडी घासायला शिकवलेलं.

मधे दोन वर्षं मी पुण्याच्या एका क्लबात खेळलो. देशाची लीग, पर खालच्या दर्जाची. टीव्हीवर दिसत न्हाय, पर करार असतो, किट मिळतं, पोटापुरतं मिळतं. बराचसा वेळ बेंचवरच गेला. शेवटची पंधरा-वीस मिनिटं उतरवायचे, दमलेल्या डिफेन्सच्या मागं पळायला. एक गोल मारला, आणि मांडीचा स्नायू फाटला. करार संपला. पर तिथं मेस एकच हुती. रांगेत उभं ऱ्हायचं, रॅकमधलं येईल ते ताट उचलायचं. माझ्या खोलीत मिझोरामचा एक पोरगा हुता, त्यो माझ्या ताटातलं लोणचं न विचारता उचलायचा. मी त्याला शिव्या घालायचो. तिथं मी माझी जात विसरून गेलतो. ते विसरणं चांगलं का वाईट माहीत न्हाय, पर झोप चांगली लागायची.

तिथनं परत आलो, पेठेतनं खेळलो, फायनल मारली, आणि हातात कागदाची प्लेट आली. मग मात्र ताट ह्या गोष्टीवरनं माझं लक्ष उडंनाच. कुणाकडं गेलो की आधी कपाकडं बघायचो. कान तुटलेला हाय का, वेगळ्या रंगाचा हाय का, कपाटातनं काढला का खिडकीत वेगळा ठेवलेला. लई वाईट सवय. दहापैकी नऊ वेळा काय नसायचं. आणि त्या नऊ माणसांची मला लाज वाटायची. पर दहावा असायचा.

म्होरच्या हंगामाला परत गोदाम. ह्या वेळी संघात सॅम हुता. घानाचा डिफेंडर, सहा फूट, पेठेतली बारकी पोरंबी त्याला "सॅमदादा" म्हणायची. कोल्हापूरच्या संघात असे परदेशी खेळाडू आणत्यात आता. त्यालाबी लपवलेलं, पर आबांच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी डबा घासून शटरपाशी ठेवला. मामा आले, घेऊन गेले. सहज म्हणून मी शटरच्या फटीतनं बघितलं. मामा बाहेरच्या नळावर बसले, माझा घासलेला डबा उघडला, आणि परत घासला. माती लावून घासला. तीन पाण्यानं धुतला. मग पिशवीत घातला. मी फटीपास्नं मागं सरलो. मग मीच मला समजावलं, म्हटलं म्हातारं माणूस हाय, सवय असंल. मी नेहमीच दुसऱ्यांच्या बाजूनं वकिली करायचो.

सकाळी आम्हाला गाडीत घालून गावाबाहेर एका रानात पळायला न्यायचे. मागच्या शिटावर मी आणि सॅम. पुढं ड्रायव्हर, आबांचाच माणूस. सॅमला मोडकंतोडकं हिंदी यायचं. त्यो म्हणाला, "भाई, तू ऊपर क्यों नहीं आता? मेरे रूम में दो बेड है."

मी म्हटलं, मला कुणी बघू नये म्हणून गोदामात ठेवलंय.

त्यो हसाय लागला. "मुझे तो कोई भी देख सकता है!" त्येचं खरं हुतं. सहा फुटी काळा माणूस बंगल्याच्या गॅलरीत सकाळ-सांज उभा असायचा, आख्ख्या पेठेला दिसायचा. आणि लपवायचं कुणाला, तर मला, ज्याच्यासारखी हजार पोरं रस्त्यावर फिरत्यात.

मग त्यो आबांच्या बायकोचं सांगाय लागला, "मैंने आंटी को बोला, उसको भी बुलाओ. आंटी बोली, नहीं, वो घर में नहीं चलता, उसका अलग है." आणि माझ्याकडं बघून खरोखर काळजीनं विचारलं, "अलग क्या है? तू बीमार है क्या?"

ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला.

मी सॅमला काय सांगणार? हिंदीतबी ते सांगता येईना मला. मी म्हटलं, "नहीं भाई, बीमार नहीं." आणि खिडकीतनं बाहेर बघत ऱ्हायलो. त्या दिवशी रानात मी इतका पळालो की वकलो. कागद, पालथी ताटं, डबा, गोदाम, सगळं एका रांगेत येऊन उभं ऱ्हायलं. जगाच्या दुसऱ्या टोकावरनं आलेला माणूस त्यांच्या टेबलावर जेवत हुता, कारण त्येची जात त्यास्नी माहीत न्हवती. माझी माहीत हुती. तीस किलोमीटरवरचा मी, त्यांचीच भाषा बोलणारा, त्यांच्याच पेठेसाठी टाच फोडून घेणारा, मी "अलग".

आणि मला आण्णा आठवले. आडनाव सांगितलंस का, म्हणून विचारणारे. बापाला खुळा समजलेलो मी. मला रडू आलं, खरं सांगतो. दुःखाचं न्हवतं ते, संतापाचं हुतं. स्वतःवरचा संताप. चार-पाच वर्षं मला दिसत हुतं आणि मी ते पुसून टाकत हुतो.

सहीचा दिवस आला. शेवटचा दिवस. त्या दिवशी सही न्हाय केली तर वर्ष गेलं. पुण्याच्या आणखी एका क्लबचा माणूस त्या हंगामात मला बघायला येणार हुता, आबांनीच बोलणं लावलंतं. वय अठ्ठावीसकडं चाललेलं. फॉरवर्डचं वर्ष गेलं म्हंजे लई काय जातं.

हापिसाबाहेर हलगी कडाडत हुती. आत टेबलापाशी आबा, कॅप्टन, भाचा, पेठेतली वीसएक माणसं. सॅमची सही झाली. त्याला हार, पेढा, फोटो. मग माझा नंबर. आबांनी स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "आबा, सही करतो. आज दुपारी सॅमबरोबर तुमच्या घरात, तुमच्या टेबलावर जेवायला येतो. चालंल?"

आबांचा चेहरा क्षणभर लहान पोरासारखा झाला. खरं सांगतो, मला त्यांची कीव आली. मग ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आरं येड्या, ही काय बोलायची जागा हाय व्हय? आधी सही कर, मग बघू."

"आत्ताच सांगा."

"तुला आम्ही काय कमी केलं रं?"

"न्हाय केलं. चालंल का न्हाय तेवढं सांगा."

 टेबलामागचा कारकून कागद खालीवर करायला लागला. आबांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळू म्हणाले, "आम्ही जात-बीत काय मानत न्हाय. पर घरात म्हातारी आई हाय माझी. तिला न्हाय चालत. समजून घे की वाघा."

सॅमनंच सांगितलंतं, म्हातारीच्या खोलीच्या बरोबर वर त्येची खोली हुती. सॅमला रोज सकाळी चार अंड्यांचं ऑम्लेट त्याच घरातनं जायचं. म्हातारीला ते चालत हुतं. एवढं चालणारी म्हातारी नेमकी माझ्यापाशीच अडत हुती, आणि ती खरंच अडत हुती का तिला म्होरं करून बाकीची मागं उभी हुती, ह्येबी मला आता कळंना. मी तिला कधी बघितलंच न्हवतं.

मी पेनाला टोपण घातलं. टेबलावर ठेवलं.  म्हटलं, "आबा, ज्या घरात माझा डबा दोनदा घासत्यात, त्या घरासाठी मी गोल मारणार न्हाय." आणि चालत बाहेर आलो. मागनं कॅप्टन ओरडला, "माजला रं माजला!" बाहेर हलगीवाल्यांना कुणी सांगितलंच न्हवतं, ते मला बघून आणखी जोरात वाजवाय लागले.

वर्ष गेलं. पेठेच्या ग्रुपवर चार दिवस माझी धुलाई चालली हुती. दुसऱ्या तालमीनं फोडला, डोक्यात हवा गेली, ह्यांना कितीबी करा, असलं सगळं. "ह्यांना" म्हंजे कुणाला, ह्ये लिवायची गरज कुणाला वाटली न्हाय. पुण्याचा माणूस आला, मला न बघता दुसऱ्या कुणाला तरी बघून गेला. आण्णा कामाला हुते त्याच शेडात मी लूमवर उभा ऱ्हायलो. मला वाटलंतं आण्णा पाठ थोपटतील. आण्णा म्हणाले, "सही करून खेळायचं हुतं. आम्ही गिळलंच की आयुष्यभर. खेळ गेला न्हवं तुझा?" मी म्हटलं, "तुम्ही गिळलं, म्हणून मला कागदात वाढलं." लई लागलं त्यास्नी.  मी माफी मागितली न्हाय.

ह्या हंगामाला पेठांच्या संघांच्या सह्या व्हायच्या आधी दुसऱ्या पेठेची दोन माणसं बोलेरो घेऊन दारात आली. एक पन्नाशीचा, एक माझ्या वयाचा. कॉटवर बसले. गोड बोलले. "गेल्या वर्षी आबांनी तुझ्यावर अन्याय केला बघ. आमच्याकडं तसलं काय न्हाय." माझं कान उभं ऱ्हायलं. तसलं म्हंजे कसलं, ते त्यांनीबी सांगितलं न्हाय.

आईनं चहा आणला. मोठा म्हणाला, "आत्ताच झाला की वाटंत." धाकटा म्हणाला, "मला साखर हाय." बोलेरोच्या डॅशबोर्डवर कोल्ड्रिंकची अर्धी बाटली मला घरातनं दिसत हुती. कुणाची ते मला माहीत न्हाय. मी म्हटलं, "आई, पावण्यांना बिनसाखरेचा कर." आईनं परत केला. परत आणला. चार कप आमच्या मधे. ते कराराचं बोलायला लागले, कुठल्या नंबरची जर्सी, कुठल्या फ्लॅटवर ठेवणार, एसी हाय का न्हाय. मी कपांकडं बघत बसलो. चहावर साय धरली.

मोठा शेवटी वैतागला. "आरं, चहाचं काय घेऊन बसलास मर्दा, खेळाचं बोल की."

"चहा घ्या, मग बोलतो."

मग धाकट्यानं कप उचलला आणि डोळं मिटून एका घोटात रिकामा केला. साखरेचाच कप हुता त्यो. मोठ्यानं ते बघितलं, मग त्यानंबी दोन घोट घेतले. फॉर्म बाहेर काढला. पेन काढलं. दोघं माझ्याकडं बघाय लागले, आता झालं न्हवं समाधान, अशा नजरेनं.

मी फॉर्म घडी घालून त्यांच्या हातात परत दिला. आई दारात उभी हुती, आण्णा मागं. त्यास्नी ऐकू जावं म्हणून मी आमच्या घरातल्या आवाजातच बोललो.

"पावणं, ह्यो चहा तुम्ही फॉरवर्डसाठी पिला. माझ्या आईनं केलाय म्हणून पिणारा कुणी तुमच्या पेठेत असंल, तर त्याला पाठवा, त्याच्याशी बोलीन. तवर वाट बघत बसणार न्हाय मी. आमच्या वस्तीतली आणि लूमवरची पोरं घेऊन मी सगळ्यात खालच्या गटात संघ उतरवलाय. खालच्या गटाची नोंदणी परवाच झाली, फॉर्म मीच भरलाय. तिथनं तुमच्या गटात यायला तीन हंगाम लागतील. लागू द्यात. तवर पाय टिकवतो. आणि एकदा वर आलो की सगळ्यात पहिल्यांदा तुमच्याच गोलात बॉल घालतो, मग आबांच्या."